सेल्फ मारला की जीपीएस बंद: बोटीवरच्या वीजपुरवठ्याचा वारंवार येणारा दोष कसा शोधावा

फिश फाइंडर (पाण्यातली मासळी दाखवणारं यंत्र) मधेच बंद पडतो आणि आपोआप पुन्हा सुरू होतो. वायरलेसवर बोलायला बटण दाबलं की सेट बंद, बटण सोडलं की पुन्हा चालू. इंजिनाचा सेल्फ मारला की जीपीएसचा स्क्रीन काळा. ससून डॉक असो, हर्णै असो, मिरकरवाडा असो की मालवण, तक्रारी याच. पुढची गोष्टही ठरलेली. सेट उतरवून दुकानात नेतात, तिथे टेबलावर तो तासन्‌तास नीट चालतो, दुकानदार म्हणतो काही दोष नाही. परत बसवला की एकदोन फेऱ्या बऱ्या जातात आणि मग पुन्हा तेच. शेवटी मालक वैतागून नवा सेट आणतो आणि काही दिवसांत नवा सेटही तसाच वागायला लागतो.

बोटींच्या वायरिंगमध्ये हात घालणारा माणूस म्हणून मी एक गोष्ट ठामपणे सांगेन. असा येऊन-जाऊन असलेला दोष बहुतेक वेळा सेटमध्ये नसतो. तो बॅटरीपासून सेटपर्यंतच्या वाटेत असतो: पोस्ट (बॅटरीचे खांब), थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची टोपी), स्विच, फ्यूज, जोड, वायर आणि परतीची निगेटिव्ह. दुकानातल्या टेबलावर सेटला १३.८ व्होल्टचा स्थिर पुरवठा मिळतो, तोही हातभर वायरमधून. तीच बोटीवरची वाट तिथे नसते, म्हणून तिथे दोष दिसत नाही. सेट बदलण्याआधी ही वाट मोजा. मोजायला एक साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो.

हा प्रश्न फक्त मासळी सापडण्यापुरता नाही. व्हीएचएफ (बोलायचा वायरलेस सेट), जीपीएस आणि इस्रोने विकसित केलेला, उपग्रहावरून संदेश पाठवणारा ट्रान्सपॉन्डर (३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरच्या कार्यक्रमात ज्या योजनेची देशव्यापी सुरुवात झाली, तो) अशी सगळी उपकरणं बऱ्याच बोटींवर एकाच बारीक वायरीवर लटकलेली असतात. वादळात मदत मागायची वेळ येते तेव्हा बोलायचं बटण दाबल्यावर सेट बंद पडणं परवडणारं नाही.

आधी वेळ पकडा

मीटर हातात घेण्याआधी तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला विचारा, सेट नेमका कधी बंद पडतो? या एका उत्तरावर निम्मा शोध संपतो.

फक्त सेल्फ मारताना बंद पडत असेल, तर सेट आणि सेल्फ एकाच बॅटरीवर आहेत आणि सेल्फच्या झटक्याने व्होल्टेज खाली जातंय. बोलायचं बटण दाबल्यावर बंद पडत असेल, तर वायरीत किंवा जोडात व्होल्टेज हरवतंय. लाटेवर बोट आपटली की बंद पडत असेल, तर कुठेतरी लूज कॉन्टॅक्ट आहे किंवा वायरीच्या तारा आतून तुटल्या आहेत. इंजिन बंद ठेवून जाळं लावून बसल्यावर पहाटेकडे बंद पडत असेल, तर बॅटरी दम धरत नाही. इंजिनाची गती वाढवल्यावर फिश फाइंडरवर रेघा येत असतील, तर अल्टरनेटरकडे बघा. कोकणात बरेच जण त्याला अजून डायनॅमोच म्हणतात.

व्हीएचएफसाठी एक सोपी परीक्षा आहे. सेट २५ वॅटवरून १ वॅटवर आणा आणि बटण दाबून बघा. २५ वॅटवर बंद पडतो आणि १ वॅटवर चालू राहतो, असं असेल तर सेट उतरवू नका. १२ व्होल्टवर २५ वॅटने बोलताना सेट साधारण ५ ते ६ अँपिअर ओढतो, नुसता ऐकताना अर्ध्या अँपिअरच्या आसपास. कमी करंट असताना चालतो आणि जास्त करंट ओढताना मरतो, याचा अर्थ पुरवठ्याची वाट अरुंद झाली आहे. ही चाचणी चॅनल १६ वर, म्हणजे संकटात हाक मारायच्या चॅनलवर करू नका, मोकळ्या चॅनलवर करा, आणि अँटेना जोडलेली नसताना बटण दाबू नका. त्याने सेटचा आउटपुट खरोखरच जळू शकतो.

बॅटरी

इंजिन बंद, सगळे लोड (वीज ओढणारी उपकरणं) बंद, आणि चार-पाच तास तसंच राहू द्या. मग थेट पोस्टवर मोजा. १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, ११.८ म्हणजे रिकामी. चोवीस व्होल्टच्या बोटीवर आकडे दुप्पट. इंजिन बंद केल्या केल्या मोजलंत तर आकडा फुगलेला दिसतो, त्यावर विश्वास ठेवू नका.

आकडा चांगला आहे म्हणून बॅटरी चांगली असंही नाही. लोड टाकून बघा. सगळे दिवे आणि सेट चालू करून दहा-पंधरा मिनिटं ठेवा. भरलेली बॅटरी झपझप १२ च्या खाली गेली, तर तिची ताकद गेलेली आहे. पाण्याच्या बॅटरीत हायड्रोमीटर (आतल्या आम्लाची घनता मोजणारी नळी) लावून सहाही सेल तपासा. एक सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने किंवा त्याहून जास्त खाली असेल, तर ती बॅटरी चार्ज करून सुधारणार नाही. पाणी टाकायचं ते डिस्टिल्डच. बॅटरीजवळ विडी-काडी नको, कारण चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. आणि वायर सोडवताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी. पाना पॉझिटिव्हवरून इंजिनाला टेकला तर हात भाजतो.

हरवलेले व्होल्ट शोधणं

खरं काम इथे आहे, आणि नेमकं हेच कोणी करत नाही. नेहमीची पद्धत अशी असते: सेटचा प्लग काढायचा, मीटर किंवा टेस्टर बल्ब लावायचा, १२.६ दिसलं की पुरवठा ओके म्हणायचं. या मोजण्याला अर्थ नाही. बुजत आलेल्या नळाला तोटी बंद असताना पूर्ण दाब असतो, तोटी उघडल्यावरच धार किती बारीक आहे ते कळतं. वायरीत एकच तार शिल्लक असली तरी करंट वाहत नसताना मीटर पूर्ण १२.६ दाखवतो.

म्हणून सेट जोडलेला ठेवून, लोडवर मोजायचं. एकाने व्हीएचएफचं बटण दाबून धरायचं, दुसऱ्याने मोजायचं. पहिला आकडा बॅटरीच्या पोस्टवर, दुसरा सेटच्या मागच्या प्लगवर. समजा पोस्टवर १२.४ आहे आणि प्लगवर १०.६. मग १.८ व्होल्ट वाटेत गेले. बरेचसे मरीन व्हीएचएफ सेट १३.८ व्होल्ट धरून बनवलेले असतात आणि त्यात १५ टक्के कमी-जास्त चालतं, म्हणजे खाली ११.७ पर्यंत. १०.६ वर तो बंद पडला तर त्याचा काय दोष? आपल्या सेटची मर्यादा मागच्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत छापलेली असते, ती एकदा बघून ठेवा.

आता हे १.८ व्होल्ट नेमके कुठे गेले ते शोधायचं. बटण दाबलेलं असतानाच मीटरचे दोन्ही प्रोब वाटेतल्या एकेका तुकड्याच्या दोन टोकांना लावत जा. पोस्टवर एक, त्यावरच्या थिंबलवर दुसरा. मग स्विचच्या दोन टोकांवर. फ्यूजच्या दोन टोकांवर. जोडाच्या अलीकडे-पलीकडे. निरोगी जागी मीटर दोन-चार शतांश व्होल्ट दाखवेल. जिथे अर्धा व्होल्ट, एक व्होल्ट दिसेल तिथे तुमचा चोर. तिथे हात लावला तर बऱ्याचदा ती जागा गरमही लागते.

निगेटिव्हची बाजू विसरू नका. पॉझिटिव्ह सगळे तपासतात, निगेटिव्हला कोणी विचारत नाही, आणि माझ्या अनुभवात दोष तिथेही तितकेच सापडतात. अनेक लाकडी बोटींवर केबिनची निगेटिव्ह इंजिनाच्या बॉडीवर कुठल्यातरी बोल्टला आवळलेली असते. त्या बोल्टखाली रंग, गंज आणि तेल. सेल्फ मारताना शेकडो अँपिअर करंट त्याच बॉडीतून आणि त्याच पट्टीतून परत जातो आणि तुमच्या सेटची निगेटिव्ह त्याबरोबर हलते. सेटची निगेटिव्ह स्वतंत्र वायरीने थेट बॅटरीपर्यंत नेली की कितीतरी गूढ तक्रारी जागच्या जागी संपतात.

सगळे जोड स्वच्छ निघाले आणि तरी व्होल्ट हरवत असतील, तर वायरच बारीक आहे. हिशेब सोपा आहे. तांब्याच्या एक स्क्वेअर एमएम वायरीचा रोध मीटरमागे सुमारे ०.०१७५ ओहम. बॅटरी ते केबिन १० मीटर असेल तर जाऊन-येऊन २० मीटर धरायचे. दीड स्क्वेअर एमएमची वायर असेल तर रोध ०.२३ ओहम. त्यातून ६ अँपिअर गेले की १.४ व्होल्ट गेले. त्याच वायरीवर फिश फाइंडर, जीपीएस आणि एखादा दिवा धरून आणखी ३ अँपिअर असतील तर २.१ व्होल्ट. भरत आलेली, १२.४ व्होल्टची बॅटरी असूनही सेटला १०.३ मिळणार. नव्या कोऱ्या वायरीवरही असंच होणार! तीच वायर ६ स्क्वेअर एमएमची टाकली तर ९ अँपिअरला अर्धा व्होल्ट जातो, १० स्क्वेअर एमएमची टाकली तर साधारण ०.३. महत्त्वाच्या उपकरणांसाठी ३ टक्क्यांहून जास्त घट नको असा दंडक आहे, म्हणजे १२ व्होल्टवर ०.३६. त्यामुळे केबिनपर्यंत एक जाड जोडी आणून तिथे फ्यूजची पट्टी बसवणं आणि पट्टीवरून प्रत्येक सेटला आखूड वायर देणं हा मार्ग मला सर्वांत टिकाऊ वाटतो. मुख्य फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच असावा. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्याजागी तार किंवा सिगारेटची चंदेरी घालणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं की मग फ्यूजऐवजी वायर पेटते, आणि फायबरच्या बोटीवर आग लागली तर उतरून जायला जागा नसते.

कळंक, टेप आणि घरगुती सामान

वायर उघडून बघितली की खाऱ्या हवेचं काम दिसतं. टोकाला हिरवा कळंक असतो तो दिसतो तरी, पण ओलावा इन्सुलेशनच्या आतून तारांच्या फटींतून वर चढत जातो. टोक सोलून बघा, तांबं काळं दिसलं तर आणखी मागे कापा. कधीकधी दोन-दोन फूट कापूनही लालभडक तांबं लागत नाही. अशा वायरीवर नवीन थिंबल मारून काही उपयोग नाही, ती पूर्ण बदला. शक्य असेल तर कथिलाचा मुलामा असलेली वायर घ्या. महाग पडते, पण खाऱ्या हवेत ती साध्या वायरीपेक्षा कितीतरी जास्त टिकते.

घरातल्या भिंतीत घालतात ती एकेरी जाड तारेची वायर बोटीवर नको. इंजिनाच्या थरथरीने ती आतल्या आत मोडते आणि वरून इन्सुलेशन शाबूत दिसतं. लाटेवर बंद पडणारा सेट बऱ्याचदा अशाच वायरीवर असतो. अशी तुटलेली जागा शोधायला मीटर प्लगवर लावून ठेवा आणि वायर हाताने जागोजागी हलवत, वाकवत चला, आकडा उडी मारेल तिथे थांबा.

पिळून टेप गुंडाळलेला जोड ही बोटीवरची सगळ्यात वाईट सवय. काळी टेप पाणी अडवत नाही, आत धरून ठेवते. योग्य मापाचं थिंबल, योग्य पक्कड, आणि वरून आतल्या बाजूला गोंद असलेली हीट श्रिंक नळी. जोड झाल्यावर वायर ओढून बघा. पोस्ट पॉलिश पेपरने चमकवून, आवळून, मग वरून व्हॅसलीन लावा. आधी व्हॅसलीन आणि मग आवळणं असं करू नका. पोस्टवर साचलेली पांढरी-निळसर भुकटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने जाते, फक्त ते पाणी सेलच्या आत जाऊ देऊ नका.

केबिनमध्ये घरगुती स्विच बसवलेले असतात, त्याबद्दलही सांगतो. हे स्विच एसी करंटसाठी असतात. एसी दर सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडताना पडणारी ठिणगी लगेच विझते. डीसी कधी शून्यावर येत नाही, ठिणगी लांबते आणि कॉन्टॅक्ट जळत जातात. वरून स्विच नवा दिसतो आणि आत पाऊण व्होल्ट खात असतो. डीसीचं रेटिंग लिहिलेलाच स्विच घ्या.

चोवीस व्होल्टच्या बोटीवर बारा व्होल्टचा सेट

मोठ्या ट्रॉलरवर दोन बॅटऱ्या ओळीने जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. १२ व्होल्टचा सेट आला की वायरमन दोनपैकी एका बॅटरीवरून १२ काढून देतो. सेट चालतो, सगळे खूश. पण त्या एका बॅटरीतून जास्त करंट जातो आणि चार्जर किंवा अल्टरनेटर मात्र दोघींना मिळून २८ व्होल्टच्या आसपास देत राहतो. एक बॅटरी उपाशी राहते, तिच्या वाट्याचं व्होल्टेज दुसरीवर चढतं आणि ती उकळून पाणी सुकवते. काही महिन्यांत दोन्ही गेल्या. 'बॅटऱ्या हल्ली टिकत नाहीत' अशी तक्रार आली की मी आधी हेच बघतो. दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा, फरक अर्ध्या व्होल्टच्या पुढे असेल तर कुठूनतरी मधून वायर घेतलेली आहे. यावर उपाय एकच: २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर, तुमच्या सगळ्या सेटच्या एकूण अँपिअरपेक्षा थोडा मोठा.

सेल्फचा झटका

सेल्फ फिरताना १२ व्होल्टची बॅटरी क्षणभर ९-१० पर्यंत उतरते. चांगल्या बॅटरीतही हे होतं, म्हणून यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. उपाय म्हणजे सेल्फची बॅटरी वेगळी आणि सेट-दिव्यांची वेगळी. दोन्ही एकाच अल्टरनेटरवर चार्ज व्हाव्यात म्हणून मध्ये व्होल्टेज बघून जोडणारा रिले मिळतो. चार्जिंग सुरू होऊन व्होल्टेज साडेतेराच्या आसपास चढलं की तो दोन्ही जोडतो, उतरलं की तोडतो. डायोडचा आयसोलेटर बसवणार असाल तर त्यात अर्धा-पाऊण व्होल्ट जातो हे धरून चाला. फिरवायचा चेंजओव्हर स्विच असेल तर इंजिन चालू असताना तो 'बंद'वरून नेऊ नका. अल्टरनेटर अचानक मोकळा सुटला की त्याचे डायोड जातात. हे सगळं होईपर्यंत तात्पुरतं एवढं पाळा: आधी इंजिन, मग सेट.

अल्टरनेटर, रेघा आणि खरखर

इंजिन थोडं वाढवून बॅटरीवर मोजा. १३.८ ते १४.४ हवं. १२.६ वरच अडकलं असेल तर चार्जिंग होत नाही: बेल्ट, ब्रश, रेग्युलेटर या क्रमाने बघा. १५ च्या वर जात असेल तर इंजिन बंद करून आधी सगळे सेट सोडवा, रेग्युलेटर गेलेला आहे आणि तो एकेक सेट घेऊन जाईल. व्होल्टेज ठीक असेल तर इंजिन चालू ठेवूनच मीटर एसी रेंजवर लावून त्याच पोस्टवर बघा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा आला तर अल्टरनेटरचा डायोड खराब असण्याची दाट शक्यता. काही स्वस्त मीटर एसी रेंजवर डीसीलाही खोटा आकडा दाखवतात, म्हणून आधी इंजिन बंद असताना शून्य येतंय ना ते बघून घ्या.

फिश फाइंडरवरच्या रेघांसाठी अगदी खात्रीची चाचणी: एक छोटी सुटी १२ व्होल्टची बॅटरी घेऊन फिश फाइंडर फक्त तिच्यावर चालवा, इंजिन चालूच ठेवून. रेघा गेल्या तर आवाज पुरवठ्याच्या वायरीतून येत होता, तिथे फिल्टर किंवा स्वतंत्र लाइन द्या. रेघा राहिल्या तर तो ट्रान्सड्यूसरच्या (बोटीच्या तळाशी ध्वनी सोडून परत पकडणाऱ्या भागाच्या) केबलमधून शिरतोय. ती केबल अल्टरनेटरच्या आणि दिव्यांच्या वायरींपासून दूर न्या. उरलेली केबल कापू नका. होकायंत्राजवळून जाणाऱ्या डीसी वायरींची जोडी एकमेकींत पिळून टाका, नाहीतर दिवा लावल्यावर सुई सरकते.

एलईडी दिव्यांचा त्रास हल्ली वाढलाय. इथे बंदी असलेल्या एलईडी मासेमारीची गोष्ट नाही, केबिन आणि डेकवरच्या साध्या दिव्यांची आहे. आतल्या स्वस्त सर्किटमुळे ते व्हीएचएफच्या पट्ट्यात खरखर सोडतात आणि लांबची हाक ऐकूच येत नाही. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१८ मध्ये याबद्दल खास इशारा काढला होता. तपासायचं असं: सगळे दिवे बंद करून शांत चॅनलवर स्क्वेल्च (खरखर दाबायचं बटण) खरखर जेमतेम थांबेल एवढाच ठेवा. मग एकेक दिवा लावा. ज्या दिव्याने खरखर परत सुरू होईल तो बदला. इन्व्हर्टर आणि मोबाइलचे चार्जरही याच रांगेत तपासा.

बंदीच्या दोन महिन्यांत

१ जून ते ३१ जुलै या पावसाळी मासेमारीबंदीत बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि बॅटऱ्या तशाच आत. रिकामी पडून राहिलेली बॅटरी आतून सल्फेटने कडक होते आणि ऑगस्टमध्ये चार्ज दाखवते पण दम देत नाही. बॅटऱ्या घरी आणा, महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज करा. सेट उतरवून कोरड्या जागी ठेवा आणि बोटीवर उरलेले प्लग टोपणाने किंवा घट्ट पिशवीने बंद करा. नारळी पौर्णिमेच्या आधी, बोट अजून जेटीला असताना, वरची लोडवरची मोजणी एकदा करून घ्या आणि आकडे केबिनच्या दारामागे लिहून ठेवा: पोस्टवर किती, प्लगवर किती. हंगामाच्या मध्यात तक्रार आली की ताजे आकडे त्यांच्याशी ताडून बघता येतात.

एवढं करूनही सेट बंद पडतोय, आणि बोलायचं बटण दाबलेलं असताना त्याच्या प्लगवर १२ च्या वर व्होल्टेज टिकून आहे, तर आता दोष सेटमध्येच आहे. खुशाल उतरवा. दुकानात देताना सोबत चिठ्ठी द्या: कुठल्या वेळी बंद पडतो, २५ वॅटवर काय होतं, १ वॅटवर काय होतं, आणि त्या क्षणी प्लगवर किती व्होल्ट होते.